बुलडॉगचे ताट ठरवताना आधी त्याचा श्वास ऐका

प्रश्न :

आम्ही इंदूरला लोकमान्य नगरमध्ये राहतो. आमच्याकडे चार वर्षांचा इंग्लिश बुलडॉग आहे, बंड्या. मागच्या वर्षी त्याची नसबंदी केली आणि तेव्हापासून त्याचे वजन वाढतच चालले आहे. नुकतेच दवाखान्यात मोजले तर ३० किलो भरले. तो फार घोरतो, जिना चढला की धापा टाकतो, पोटात सारखा गॅस होतो, कान आणि पंजे खाजवत असतो. त्याला खायला काय द्यावे यावर घरात रोज वाद. ह्यांनी चिकनच्या ड्राय फूडची मोठी बॅग आणली आहे, ते सकाळ-संध्याकाळ मिळून २५० ग्रॅम देतो. सासूबाईंना मांसाहार पटत नाही. त्या रात्री दोन पोळ्या तूप लावून दुधात कुस्करून देतात. मुले पोह्यांतले घास, सेव आणि चहाची बिस्किटे देतात. शेजारच्या काकू म्हणतात, चिकन गरम पडते म्हणून खाज सुटली आहे, बंद करा. दुकानदार म्हणतो, खास बुलडॉगचे फूड घ्या. दीर म्हणतात, कच्चे मांस द्या. शाकाहारावर हा कुत्रा जगेल का? नेमके काय निवडू?

– एक वाचक, इंदूर

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रातल्या प्रत्येकाने बंड्याला काय द्यावे ते सांगितले आहे. किती द्यावे, हे मात्र कोणीच बोललेले नाही. बुलडॉगच्या बाबतीत तोच प्रश्न पहिला आहे. शाकाहार की मांसाहार, हे पाकीट की ते पाकीट, हे सगळे आपण पाहूच. पण तुम्ही कितीही चांगले अन्न निवडलेत आणि त्याचे वजन ३० किलोच राहिले, तर बंड्याच्या धापा थांबणार नाहीत.

याचे कारण त्याच्या चेहऱ्यात आहे. पिढ्यानपिढ्या निवड करत करत माणसाने बुलडॉगचे तोंड आखूड केले. कवटीची हाडे आखूड झाली, पण आतला टाळूचा मऊ पडदा, जीभ आणि नाकातल्या घड्या त्या मानाने लहान झाल्या नाहीत. कमी जागेत जास्त मांस कोंबले गेले, नाकपुड्याही अरुंद राहिल्या. त्यामुळे साधा श्वास घ्यायलाही त्याला इतर कुत्र्यांपेक्षा जास्त जोर लावावा लागतो. वजन वाढते तेव्हा चरबी फक्त पोटावर बसत नाही. ती मानेत, घशाच्या आजूबाजूला आणि छातीतही साठते, आणि आधीच अरुंद असलेली वाट आणखी आवळते. त्यात कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही; तो धापा टाकूनच अंग थंड करतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा जाड बुलडॉगला धापही धड टाकता येत नाही आणि अंगही थंड करता येत नाही. उष्माघाताने दगावणाऱ्या कुत्र्यांमध्ये चपट्या तोंडाच्या जाती पुढे असतात त्या यामुळे.

लोक माझ्याकडे बुलडॉग आणतात आणि कौतुकाने म्हणतात, "कसा घोरतो बघा!" मला ते कौतुक ऐकवत नाही. ते घोरणे म्हणजे श्वासाची ओढाताण आहे. बंड्याचे घोरणे आणि जिन्यावरची धाप हीच तुमच्या आहाराच्या प्रश्नाची खरी सुरुवात समजा.

आता वजन किती असावे? अमेरिकन केनेल क्लबच्या मानकात प्रौढ नर बुलडॉग साधारण २३ किलोचा, ब्रिटनच्या केनेल क्लबच्या मानकात २५ किलोचा. बंड्यासाठी आपण तूर्त २४ किलो धरू. पण काट्यापेक्षा हात जास्त खरे सांगतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या बरगड्यांवरून बोटे अलगद फिरवा. आपल्या हाताच्या पालथ्या बाजूवर बोटे फिरवली तर हाडे जशी जाणवतात, तशा बरगड्या जाणवल्या तर वजन बरोबर. दाबल्याशिवाय सापडत नसतील, तळहातासारखे गुबगुबीत लागत असेल, तर वजन जास्त. वरून पाहिले तर बरगड्यांच्या मागे कंबर आत गेलेली दिसायला हवी. बुलडॉग मूळचाच रुंद, त्यामुळे "ही जातच अशी असते" म्हणून लोक कंबर शोधतच नाहीत.

त्याला दिवसाला किती उष्मांक लागतात याचा हिशेब घरी फोनवरच्या कॅल्क्युलेटरवर करता येतो. हवे असलेले वजन तीन वेळा गुणा, म्हणजे २४ × २४ × २४. आलेल्या आकड्याचे वर्गमूळ काढा, पुन्हा एकदा वर्गमूळ काढा आणि त्याला ७० ने गुणा. उत्तर साधारण ७६० येते. वजन उतरवायचे असलेल्या कुत्र्याला दिवसाला इतके कॅलरी, ही सुरुवातीची मर्यादा. वजन योग्य झाल्यावर नसबंदी झालेल्या, घरात लोळणाऱ्या बुलडॉगला याच्या वर थोडेसे, ९०० ते १,००० च्या आसपास पुरते.

आणि आज त्याच्या पोटात काय जाते आहे? तुमच्याच पत्रावरून मांडते. ड्राय फूडच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० ते ४०० कॅलरी असतात (नेमका आकडा पाकिटावर मागच्या बाजूला छापलेला असतो), म्हणजे २५० ग्रॅमचे सव्वानऊशे तरी झाले. तूप लावलेल्या दोन पोळ्यांचे ३००. पेलाभर फुल क्रीम दुधाचे पावणेदोनशे. पाच बिस्किटांचे सव्वाशे. मूठभर सेव म्हणजे आणखी दीडशे. पोह्यांचे घास मी धरलेच नाहीत, तरी बेरीज १,६०० च्या पुढे गेली. गरजेच्या दुपटीहून जास्त. यात कोणाचीही एकट्याची चूक नाही. प्रत्येक जण थोडेच देतो. पण कोणी किती दिले ते दुसऱ्याला माहीत नसते. वर मागच्या वर्षी नसबंदी झाली. नसबंदीनंतर कुत्र्याची उष्मांकांची गरज साधारण पाव हिश्शाने कमी होते आणि भूक मात्र वाढते. त्या वेळी ताट कमी करायला हवे होते, हे तुम्हाला कोणी सांगितलेले दिसत नाही. ते सांगणे डॉक्टरांचे काम होते.

कमी खाऊ घालणे म्हणजे उपाशी ठेवणे नव्हे, हे सासूबाईंना पटवायचे असेल तर त्यांना एक प्रयोग सांगा. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉर कुत्र्यांवर त्यांच्या आयुष्यभर चाललेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच विणीतली पिल्ले जोडीने घेतली. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न दिले, अन्न तेच. कमी खाणारी कुत्री सरासरी १३ वर्षांच्या आसपास जगली, दुसरी ११.२ वर्षे. कमी खाणाऱ्यांचे सांध्यांचे दुखणेही उशिरा सुरू झाले. बुलडॉगमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष फार आढळतो, म्हणून ही गोष्ट त्याला तर आणखीच लागू. प्रेमाने वाढलेला जास्तीचा घास त्याच्या आयुष्यातून वजा होतो आहे, हे त्यांना कळले तर त्याच सर्वांत आधी हात आखडतील, अशी मला खात्री आहे.

आता शाकाहाराचे. कुत्रा मांजरासारखा निव्वळ मांसाहारी नाही. माणसाच्या सहवासात राहून पिष्ट पचवण्याची ताकद त्याने कमावली आहे. लांडग्याच्या तुलनेत कुत्र्यात त्या कामाच्या जनुकाच्या कितीतरी जास्त प्रती असतात, हे २०१३ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवून दिले. त्यामुळे नीट रचलेल्या शाकाहारी अन्नावर प्रौढ कुत्रा जगू शकतो. पण 'नीट रचलेले' यावर सगळी भिस्त आहे. दूध-पोळी आणि वरण-भात हा कुत्र्याचा पूर्ण आहार होत नाही. त्यात प्रथिने कमी पडतात, मेथिओनिनसारखी अमिनो आम्ले तोकडी पडतात, जस्त, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व पुरेसे मिळत नाही. कुत्र्याची कातडी उन्हात बसून आपल्यासारखे ड जीवनसत्त्व तयार करत नाही, त्याला ते अन्नातूनच लागते. तेव्हा घर शाकाहारी ठेवायचे असेल तर बाजारात मिळणारे शाकाहारी ड्राय फूड घ्या. फक्त पाकिटावर ते प्रौढ कुत्र्यांसाठी 'पूर्ण आणि संतुलित' आहार आहे असे स्पष्ट लिहिलेले हवे. 'पूरक' लिहिले असेल तर तो वर घालायचा खाऊ आहे, जेवण नव्हे. मात्र शाकाहारी अन्नावर ठेवले तर वर्षातून एकदा रक्त आणि लघवीची तपासणी करून घ्या, कारण अशा अन्नाने लघवी अल्कधर्मी होते आणि जंतुसंसर्ग झाला तर खडे धरायला ते पोषक ठरते.

खड्यांचा विषय निघालाच आहे. बुलडॉगला यूरेट आणि सिस्टिन या दोन जातींच्या खड्यांचा आनुवंशिक धोका असतो. सिस्टिनचा धोका नसबंदी न झालेल्या नरांत जास्त, म्हणून त्या बाबतीत बंड्या बराच सुटला. यूरेटचा दोष नसबंदीने जात नाही. काही घरांत स्वस्त आणि पौष्टिक म्हणून कुत्र्याला रोज कलेजी उकडून घालतात. बुलडॉगला तसे करू नये, कारण कलेजी, गुर्दे यांतूनच यूरेट वाढवणारे प्युरिन जास्त जाते. त्याच्या दाण्यांत अर्धी वाटी कोमट पाणी घालून दहा मिनिटे भिजवून द्या. पोटात पाणी जास्त जाते, लघवी पातळ राहते. तो थेंब थेंब लघवी करतो आहे, पाय उचलून नुसताच उभा राहतो आहे असे दिसले तर सकाळची वाट पाहू नका, तसेच दवाखान्यात न्या.

घरी शिजवूनच घालायचे असेल तर काय? मला घरच्या अन्नाचे वावडे नाही, उलट आजारी कुत्र्यांना मी ते आवर्जून लिहून देते. पण ते अंदाजाने होत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी २०१३ मध्ये कुत्र्यांच्या घरगुती जेवणाच्या २०० पाककृती तपासल्या. त्यांतल्या ९५ टक्के पाककृतींत कमीत कमी एक तरी आवश्यक घटक कमी भरला. चिकन-भात हा सगळ्यांचा आवडता उपाय घ्या. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. महिनोन्‌महिने नुसते चिकन-भात घातले तर शरीर कॅल्शियमसाठी स्वतःच्या हाडांकडे हात पसरते. म्हणून घरचा आहार हवा असेल तर डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे ग्रॅममध्ये लिहून घ्या, सोबत कोणती खनिज-जीवनसत्त्वाची पूड किती घालायची तेही. इंदूरजवळ महूला १९५५ पासूनचे शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. खाजगी दवाखान्यात इतका वेळ मिळत नसेल तर तिथे दाखवणे सोयीचे पडेल.

(ज्या वाचकांकडे बुलडॉगचे पिल्लू आहे त्यांच्यासाठी एक वाक्य : पिल्लांचे पूर्ण आहाराचे दाणे चालू असतील तर वरून कॅल्शियमचे टॉनिक पाजू नका. जास्तीचे कॅल्शियम वाढत्या हाडांना बिघडवते.)

दिरांच्या कच्च्या मांसाला माझा साफ नकार आहे. घरात लहान मुले आणि सासूबाई आहेत. कच्च्या मांसातले साल्मोनेलासारखे जंतू कुत्र्याच्या लाळेतून, भांड्यातून, विष्ठेतून माणसांपर्यंत येतात आणि फ्रीजरमध्ये ठेवल्याने मरत नाहीत. त्यात बुलडॉग चावत बसत नाही, गिळतो. त्याचा खालचा जबडा पुढे, दात एकमेकांवर नीट बसत नाहीत. हाडाचा तुकडा त्याच्या घशात किंवा आतड्यात अडकणे फार सोपे. शिजवलेले हाड तर फुटून टोकदार होते, ते कोणत्याच कुत्र्याला देऊ नये.

दुकानदाराच्या 'खास बुलडॉग' पाकिटाबद्दल : त्यातले दाणे या जबड्याला उचलायला सोपे जातील असे बनवलेले असतात, तो फायदा खरा आहे. पण बंड्या साधे दाणे व्यवस्थित खात असेल तर त्यासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही. त्याला आज हवे आहे ते वजन कमी करण्यासाठीचे अन्न, आणि इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. सध्याचे दाणे निम्म्यावर आणले तर कॅलरी निम्म्या होतील, पण त्याबरोबर प्रथिने आणि खनिजेही निम्मी होतील. मग चरबीसोबत स्नायूही झिजतात आणि कुत्रा भुकेने कचऱ्याच्या डब्यात तोंड घालू लागतो. वजन उतरवण्यासाठी डॉक्टरांकडे जे फूड मिळते त्यात कॅलरी कमी ठेवून प्रथिने आणि तंतू वाढवलेले असतात. पोट भरते आणि पोषणही सुटत नाही. ३० वरून २४ वर यायचे म्हणजे वजनाचा पाचवा हिस्सा उतरवायचा आहे, म्हणून निदान हे काही महिने तसे फूड घ्या. अन्न बदलताना आठ-दहा दिवस घ्या. आधी पाव हिस्सा नवे, मग निम्मे, मग पाऊण. एकदम बदलले तर जुलाब होतील आणि दोष नव्या फूडला जाईल.

खाजेचे उत्तर थोडे सविस्तर देते, कारण शेजारच्या काकूंचे मत आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येते. चिकन 'गरम पडून' कुत्र्याला खाज सुटत नाही. बुलडॉगच्या खाजेची कारणे बहुधा वेगळी असतात : धूळ, परागकण, घरातले सूक्ष्म किडे यांची ॲलर्जी; पिसवा; आणि कातडीच्या घड्यांत ओल राहून वाढणारे जंतू व बुरशी. तोंडावरच्या घड्या आणि शेपटीखालची खाच रोज ओल्या मऊ कापडाने पुसून लगेच कोरडी करावी लागते, पावसाळ्यात तर दोनदा. अन्नाची ॲलर्जी असते, पण थोड्याच कुत्र्यांना. ज्यांना असते त्यांच्यात गोमांस, दुधाचे पदार्थ, चिकन आणि गहू ही नावे सर्वांत जास्त आढळतात. आता बंड्याच्या ताटाकडे पाहा : दूध, गव्हाची पोळी आणि चिकन, तिन्ही रोज आहेत. यांतला नेमका कोणता पदार्थ बाधतो आहे, किंवा एकही बाधत नाही, हे अशा मिसळीत देवालाही सांगता येणार नाही.

ते शोधायची खात्रीची पद्धत एकच. त्याने आजवर न खाल्लेल्या प्रथिनाचे, किंवा प्रथिने बारीक तोडून बनवलेले, अन्न डॉक्टरांच्या सल्ल्याने निदान ८ आठवडे द्यायचे आणि त्या काळात दुसरे काहीही नाही. बिस्किटाचा तुकडा नाही, चिकनच्या चवीची जंताची गोळीसुद्धा नाही. खाज थांबली तर जुने अन्न पुन्हा देऊन पाहायचे. पुन्हा सुरू झाली तर निदान पक्के. रक्त किंवा केस पाठवून अन्नाची ॲलर्जी सांगणाऱ्या चाचण्यांवर पैसे घालवू नका, त्यांचा भरवसा नाही. माझा सल्ला असा की आधी कान दाखवा, पिसवांचे औषध लावा, घड्या कोरड्या ठेवा. एवढे करूनही खाज गेली नाही तर ही ८ आठवड्यांची परीक्षा करा. वजनाच्या फूडमध्येच ती बसवता येते का, तेही तेव्हा डॉक्टरांना विचारा.

गॅसचे निम्मे कारण त्याच्या खाण्याच्या पद्धतीत आहे. नाकाने धड श्वास घेता येत नाही म्हणून तो घाईघाईने खाताना तोंडाने हवाही गिळतो. उथळ पसरट थाळीत अन्न पसरून द्या, दोनाऐवजी तीन वेळा थोडे थोडे द्या. उरलेले कारण रात्रीचे दूध. प्रौढ कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांना दुधातली साखर पचत नाही. दूध आजच बंद करा, आठवडाभरात फरक दिसू शकतो. खाल्ल्यावर लगेच न पचलेले अन्न तो बाहेर टाकत असेल तर ती साधी उलटी समजू नका. श्वासाच्या ओढीने या जातीत अन्ननलिका आणि जठराच्या तोंडाशी बिघाड होतो, तो तपासून घ्यावा लागतो.

मुलांच्या हातून जे जाते आहे त्याचीच मला जास्त काळजी वाटते. आपल्या पोह्यांवर कच्चा कांदा असतो, वरून जीरावन मसाला आणि सेव. कांदा आणि लसूण, कच्चे असोत की शिजलेले, कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. एका घासाने काही दिसणार नाही, पण रोजच्या घासांनी अशक्तपणा येऊ शकतो. लसणाची सेव तर मिठासकट दुहेरी वाईट. द्राक्षे, मनुका आणि बेदाण्यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडे बंद पडतात, आणि किती खाल्ल्यावर ते होईल हे आधी सांगता येत नाही. म्हणून प्रसादाचा शिरा, खिरीतले बेदाणे हे त्याच्यापासून लांब. त्यामागे टार्टरिक आम्ल असावे असे आता मानले जाते, आणि ते चिंचेतही भरपूर असते. तेव्हा चिंच-गुळाची आमटी भातावर घालून देऊ नका. चॉकलेट नको. ज्या शुगर-फ्री च्युइंग गममध्ये किंवा गोळ्यांत झायलिटॉल असते ते तर अजिबात नको, त्याने अर्ध्या तासात रक्तातली साखर कोसळू शकते. पावसाळ्यात भुट्टे खाऊन झाल्यावर उरलेले कणीस आणि उन्हाळ्यात आंब्याची कोय झाकणाच्या डब्यातच टाका. कणीस आतड्यात अडकून शस्त्रक्रिया करावी लागलेले कुत्रे मी पाहिले आहेत.

सासूबाईंचा हात मात्र ताटावरून काढू नका. चार वर्षे त्या त्याला भरवत आहेत, तो त्यांच्याच पायाशी बसत असणार. दिवसाच्या एकूण कॅलरीतला दहावा हिस्सा वरच्या खाऊसाठी ठेवता येतो. ७६० चा दहावा हिस्सा म्हणजे ७५ च्या आसपास, तो पूर्णपणे त्यांच्या हाती द्या. मीठ-फोडणी न घातलेला उकडलेला दुधी किंवा लाल भोपळा वाटीभर दिला तरी २५-३० कॅलरीच होतात. काकडीच्या फोडी, उकडलेले गाजर, फरसबी हे सगळे चालते. चमचाभर ताजे दही बऱ्याच कुत्र्यांना पचते, आणि पोळीचा चतकोर त्यांच्या समाधानासाठी राहू द्या. (८ आठवड्यांची परीक्षा सुरू केलीत तर तेवढा काळ हेही बंद.) तूप मात्र नको, चमचाभर तुपात ४५ कॅलरी असतात, आणि एकदम जास्त चरबी खाल्ल्याने काही कुत्र्यांना स्वादुपिंडाची सूज येते. मुलांना द्यायचेच असेल तर त्यांनी त्याच्या वाट्याच्या दाण्यांतलेच चार दाणे हातावर घेऊन द्यावेत.

दाणे वाटीने मोजू नका. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, सकाळीच दिवसभराचे दाणे ग्रॅममध्ये मोजून एका डब्यात काढून ठेवा. जो कोणी देईल तो त्याच डब्यातून देईल. डबा रिकामा झाला की दिवसाचे जेवण संपले. मोठी बॅग स्वस्त पडते हे खरे, पण पावसाळी हवेत उघडी बॅग दोन-अडीच महिने चालली तर त्यातली चरबी खवट होते. दीड महिन्यात संपेल एवढेच पाकीट घ्या, ते मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि सुटे विकलेले दाणे घेऊ नका.

वजन उतरवायला त्याला पळवू मात्र नका. बुलडॉगचे वजन ताटातून उतरते, पळवून नाही. पळवले तर उलट घात होईल. फिरायला उन्हाळ्यात उजाडायच्या आत आणि दिवस मावळल्यावर, सावकाश, गळ्याला पट्टा न बांधता छातीचा हार्नेस घालून. जेवणही थंड वेळेला, आणि जेवल्यावर तासभर आराम.

दर आठवड्याला १ ते २ टक्के, म्हणजे बंड्याच्या बाबतीत ३०० ते ६०० ग्रॅम वजन उतरणे योग्य. त्यापेक्षा झपाट्याने उतरवू नका. या गतीने २४ किलोवर यायला अडीच ते पाच महिने लागतील. दर पंधरा दिवसांनी दवाखान्यातल्या एकाच काट्यावर वजन करा आणि वहीत तारखेसह लिहा. सगळे नियम पाळूनही दोन महिन्यांत दोन किलोसुद्धा उतरले नाही, तर घरात कोणी चोरून देत नाही ना ते आधी पाहा, मग थायरॉइडची तपासणी करून घ्या.

आणखी एक. आहाराने वाट मोकळी होते, पण अरुंद नाकपुड्या रुंद होत नाहीत आणि लांब टाळू आखूड होत नाही. वजन २६ किलोच्या आसपास आल्यावरही तो बसल्या जागी घरघरत असेल, झोपेत श्वास अडकून दचकून उठत असेल, तर नाक आणि टाळूच्या शस्त्रक्रियेबद्दल डॉक्टरांशी बोला. वजन कमी असेल तर त्या शस्त्रक्रियेतली भुलीची जोखीमही कमी होते. आणि धापा टाकताना जीभ किंवा हिरड्या निळसर-जांभळ्या दिसल्या, फेस आला, पाय लटपटले, तर अंगावर साधे पाणी ओता, पंखा लावा आणि पंख्याखालूनच गाडीत घालून दवाखाना गाठा.